बाथरूमच्या टाइल्सवर पुन्हा पुन्हा येणारा पांढरा थर: कारण आणि उपाय

बोअरचं किंवा टँकरचं पाणी येणाऱ्या घरांत हे ठरलेलं असतं. दिवाळीआधी टाइल्स घासून लख्ख केल्या, की संक्रांतीपर्यंत शॉवरखालच्या भिंतीवर कमरेपासून खाली तोच खरखरीत, पांढुरका पापुद्रा हजर. मग पुढच्या वेळी आणखी जहाल ॲसिड आणि आणखी राठ घासणी वापरली जाते. थर काही काळ जातो, पण त्याच्यासोबत सांध्यांतलं सिमेंटही जातं, टाइलला ओरखडे पडतात आणि पुढचा थर जास्तच घट्ट चिकटतो.

ज्याला आपण सरसकट 'क्षाराचे डाग' म्हणतो, तो एक डाग नसतो. तिथे दोन वेगळे पदार्थ एकमेकांवर चढलेले असतात. एकावर जे औषध चालतं ते दुसऱ्यावर चालत नाही. बहुतेक वेळा वस्तू बरोबर असते, क्रम चुकलेला असतो.

भिंतीवर नेमकं काय साचतं

पहिला पदार्थ पाण्यातला चुना. जमिनीतल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. भिंतीवरचा थेंब वाळला की पाणी उडून जातं आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहतं. गिझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्यात जमतो तोच हा खडा.

दुसरा पदार्थ साबणाचा. अंगाचा साबण म्हणजे तेलातल्या स्निग्धाम्लांचं सोडियमशी झालेलं मीठ. कॅल्शियम भेटलं की सोडियम बाजूला होतं आणि पाण्यात न विरघळणारा चिकट, मेणचट साका तयार होतो. बादलीतल्या पाण्यावर करडी साय तरंगते ती हीच. अशा पाण्याला शाळेच्या पुस्तकात दुष्फेन म्हणतात, कारण त्यात फेस येता येत नाही. हिशेब सांगायचा तर लिटरमागे ५०० मिलिग्रॅम कठीणपणा (म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण, चुन्याच्या हिशेबात मोजलेलं) असलेलं एक लिटर पाणी साधारण ३ ग्रॅम शुद्ध साबण नुसता साका करण्यात खर्च करतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे २०० मिलिग्रॅम आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घेतलं जातं. म्हणजे पाणी 'पिण्यायोग्य' असूनही टाइल्स पांढऱ्या होऊ शकतात.

हे दोन्ही पदार्थ रोज आलटून पालटून चढतात. वर मेणचट साका, खाली चुना, त्याखाली पुन्हा साका. त्या मेणामुळे आम्ल चुन्यापर्यंत पोचतच नाही. व्हिनेगर टाकलं आणि काहीच झालं नाही, अशी तक्रार येते ती इथूनच.

आधी ओळख, मग घासणी

कोरड्या टाइलवर तीन जागा निवडा आणि नखाने खरवडून पाहा. नखात मेणासारखं, ओशट काही आलं तर साबण. नखाला खडबडीत लागलं आणि व्हिनेगरच्या थेंबाखाली बारीक बुडबुडे आले तर चुना. बहुतेक भिंतींवर दोन्ही सापडतात.

तिसरी शक्यता त्रासाची. नखाला काहीच लागत नाही, व्हिनेगरने काही होत नाही, टाइल ओली असताना स्वच्छ दिसते आणि वाळली की धुरकट. याची कारणं दोन. एक तर घासून घासून टाइलचं ग्लेझ, म्हणजे वरचं काचेसारखं आवरण, मारलं गेलंय, तो डाग नाहीच, झीज आहे. किंवा ते सिलिका आहे. दख्खनच्या काळ्या पाषाणातून येणाऱ्या पाण्यात सिलिका विरघळलेली असते आणि वाळल्यावर तिचा काचेसारखा पातळ पापुद्रा बसतो. तिच्यापुढे घरातलं कुठलंही आम्ल चालत नाही. चकचकीत ग्लेझच्या टाइलवर काच पॉलिश करण्याची सेरियम ऑक्साइडची पूड पाण्यात कालवून, फेल्टच्या तुकड्याने चोळून पाहता येते. आधी कोपऱ्यात एखाद्या इंचावर करून बघा. मॅट टाइलवर हा उद्योग करू नका, तिथे चकाकते ठिगळ दिसतं.

सांध्यांतून मिठासारखी पांढरी पूड बाहेर येत असेल, आणि तीही शॉवरचं पाणी न पोचणाऱ्या जागी, तर तो पाण्याचा डागच नव्हे. भिंतीच्या आत ओल आहे आणि ती बाहेर येताना सिमेंटमधले क्षार सोबत आणते. ती पूड कितीही वेळा पुसली तरी परत येणार. आधी पाइपचा जोड, नहाणी ट्रॅपची (लादीतल्या जाळीखालच्या भांड्याची) कड आणि शेजारच्या भिंतीची बाजू तपासून गळती बंद करायला हवी.

विदर्भातल्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या पूर्णाकाठच्या भागात, पाणी चवीलाच खारट असतं. त्यातलं साधं मीठ ओल्या फडक्याने निघून जातं. फडक्याने न निघता जे चिकटून राहतं, त्याचीच पुढची सगळी चर्चा आहे.

टाइल कसली आहे ते पाहा, नाहीतर नुकसान कायमचं

ग्लेझ्ड सिरॅमिक, व्हिट्रिफाइड आणि पोर्सेलीन टाइल्सना पातळ सायट्रिक ॲसिड चालतं. पण जुन्या घरांतल्या मोरीत शहाबादी फरशी असते, कुठे कडप्पा किंवा कोटा असतो, आणि अनेक फ्लॅटमध्ये बाथरूमचा उंबरा पांढऱ्या संगमरवराचा असतो. हे सगळे दगड चुन्याच्याच जातीचे. जे आम्ल डाग खाईल ते दगडही खाईल, चकाकी जाऊन कायमचा पांढुरका व्रण राहील. शंका असेल तर न दिसणाऱ्या कोपऱ्यात व्हिनेगरचा एक थेंब टाकून दोन मिनिटं थांबा. बुडबुडे आले किंवा चकाकी मेली तर त्या दगडावर आम्ल वर्ज्य. तिथे कोमट पाणी, भांड्यांचा द्रव साबण, नायलॉन ब्रश आणि धीर एवढंच वापरायचं. उंबरा दगडी आणि भिंत टाइलची असेल तर काम सुरू करण्याआधी उंबऱ्यावर प्लॅस्टिक पसरून कडा चिकटपट्टीने बंद करा. खाली ओघळलेलं आम्ल सगळ्यात आधी तिथेच जातं.

साहित्य

सायट्रिक ॲसिडची पूड २०० ग्रॅम. किराणा दुकानात लिंबाचं सत्त्व किंवा लिंबूफूल म्हणूनही मिळते. भांड्यांचा द्रव साबण, धुण्याचा सोडा, खायचा सोडा. फवाऱ्याच्या दोन बाटल्या, नायलॉनचा ब्रश, जुना टूथब्रश, किचन टिश्यू किंवा जुनी सुती फडकी, एक जुनं प्लॅस्टिक कार्ड, हातमोजे, चश्मा आणि रबराचा वायपर.

व्हिनेगरच का नको, असा प्रश्न येतो. चालतं, पण हिशेब पाहा. बाजारातलं व्हिनेगर साधारण ४ टक्क्यांचं असतं. एक ग्रॅम चुना विरघळवायला त्याचे ३० मिलिलिटर लागतात. तेच काम दीड ग्रॅमपेक्षा कमी सायट्रिक ॲसिड करतं, आणि वासही येत नाही. लिंबाची फोड चोळण्याचा घरगुती उपाय चुकीचा नाही, फक्त ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिडसाठी तीसेक लिंबं लागतील.

क्रम: साबण, आम्ल, पुन्हा साबण

*पहिली फेरी.* एक लिटर गरम पाणी, हात सहन करेल इतपत. त्यात भांड्यांचा द्रव साबण एक मोठा चमचा आणि धुण्याचा सोडा एक मोठा चमचा. भिंत कोरडी असताना लावा, कारण ओल्या भिंतीवर द्रावण पातळ होतं. खालून वर लावत जा. वरून सुरुवात केली तर ओघळ कोरड्या भागावर वाळतात आणि त्यांच्या रेघा राहतात. १५ मिनिटं थांबा, ब्रशने गोल गोल घासा, वरून खाली धुवा. जाड मेणचट भाग प्लॅस्टिकच्या कार्डाने तिरपा खरवडला की पापुद्रे सुटतात. बोटाला टाइल ओशट लागायची थांबली की ही फेरी झाली. घाईत सगळ्यात जास्त वेळा हीच फेरी वगळली जाते, आणि सगळ्यात जास्त फरकही हिनेच पडतो. दिवाळीत तेल-उटण्याच्या आंघोळी झाल्यावर तर ही फेरी दोनदा करावी लागते.

*दुसरी फेरी.* एक लिटर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड. थर नखाएवढा जाड असेल तर १०० ग्रॅम. त्याहून वाढवून उपयोग नाही. आधी सांध्यांवर साधं पाणी मारून ते भिजवून घ्या. सिमेंट सच्छिद्र असतं. ते पाण्याने भरलेलं असलं की आम्ल आत कमी शिरतं. मग टाइलचा फक्त चेहरा फडक्याने कोरडा करा आणि द्रावण मारा. एका वेळी साधारण एक चौरस मीटर, त्याला १०० मिलिलिटर पुरे.

उभ्या भिंतीवर द्रावण टिकत नाही, ओघळून जातं. म्हणून जिथे थर जाड आहे तिथे किचन टिश्यू द्रावणात भिजवून भिंतीला चिकटवा. १० ते १५ मिनिटं ओला राहू द्या, वाळायला लागला तर वरून पुन्हा फवारा. हा लेप घासण्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतो. मग टिश्यू काढा, नायलॉन ब्रश फिरवा आणि भरपूर पाण्याने लगेच धुवा. थर उरला तर पुन्हा लेप लावा. तीन वेळा १५ मिनिटं ठेवणं हे एकदा तासभर ठेवण्यापेक्षा चांगलं. कारण सायट्रिक ॲसिड चुन्याशी मिळून जे कॅल्शियम सायट्रेट बनवतं ते पाण्यात फारच कमी विरघळतं. द्रावण वाळू दिलं तर तीच नवी पांढरी पूड भिंतीवर बसते, आणि माणसाला वाटतं की डाग गेलाच नाही.

खडा खरोखर जाड असेल, नळाखाली कवच झालं असेल, तर सल्फॅमिक ॲसिडची पूड असलेलं डीस्केलर, म्हणजे खडा काढायचं औषध, जास्त उपयोगी. त्यातून बनणारं कॅल्शियमचं मीठ पाण्यात सहज विरघळतं. लिटरला ५० ग्रॅम, वेळ १० मिनिटं. मात्र सिमेंटचे सांधे यानेही झिजतात, म्हणून फक्त कवचाच्या जागी वापरा, भिंतभर नको.

*तिसरी फेरी.* पुन्हा साबणाचं पाणी. आम्ल लागल्यावर उरलासुरला साबणाचा साका मोकळ्या स्निग्धाम्लात बदलतो, म्हणजे टाइलवर मेणाचा पातळ हात फिरतो. तो तसाच राहिला तर पुढच्या आठवड्याचा चुना त्यावरच चिकटतो. भांड्यांचा साबण लावा, धुवा, मग एक लिटर पाण्यात एक मोठा चमचा खायचा सोडा घालून सांध्यांवरून ब्रश फिरवा, म्हणजे आत शिरलेलं आम्ल मरेल. शेवटी धुऊन वायपर मारा आणि कोरड्या फडक्याने पुसून काढा.

शेवटचा हात कुठल्या पाण्याचा, यालाही महत्त्व आहे. आरओ यंत्रातून बाहेर पडणारं वाया पाणी बादलीत साठवून लादी पुसायला वापरण्याची सवय चांगली आहे, पण या कामाला ते नको. त्यात क्षार मूळ पाण्यापेक्षा जास्त असतात. उलट एसीच्या नळीतून टपकणारं पाणी जवळजवळ क्षारमुक्त असतं. शेवटचं पुसणं त्याने करा. पावसाळ्यात पागोळीचं स्वच्छ पाणीही चालेल.

खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फेस आणायचा प्रकार सोडून द्या. दोघं एकमेकांना मारतात आणि हाती जवळजवळ नुसतं खारट पाणी उरतं. सोडा वेगळा, आम्ल वेगळं, मध्ये धुणं.

जे करू नये

टॉयलेट साफ करायच्या द्रवात बहुधा हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. खुल्या बाटलीत विकलं जाणारं 'ॲसिड' तर त्याहून तीव्र. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या आदेशानंतर अशा विक्रीवर निर्बंध आहेत, तरी ते सहज मिळतं. ते चुना क्षणात खातं हे खरं, पण सांध्यांतलं सिमेंटही तितक्याच झपाट्याने खातं. सांधे खोल गेले की पाणी टाइलच्या मागे जातं, आणि पुढे खालच्या मजल्याच्या छताला ओल येते. शिवाय या ॲसिडच्या वाफेने नळांचं क्रोम फुटतं, स्टीलवर गंज चढतो.

कुठलंही आम्ल आणि ब्लीच एकत्र येऊ देऊ नका, एकाच दिवशी एकामागून एकही वापरू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. सांध्यांतली काळी बुरशी काढायला ब्लीच वापरलं जातं. ते दुसऱ्या दिवशी, भिंत पूर्ण धुऊन झाल्यावर आणि खिडकी उघडी ठेवून. ज्या क्लीनरवर हायड्रोफ्लोरिक ॲसिड किंवा बायफ्लोराइड लिहिलंय तो घरात आणूच नका. तो ग्लेझ तर खातोच, त्वचेतून आत जाऊन फार वाईट इजा करतो.

तारेची घासणी आणि वाळूसारखी भरड पूड वापरली की ग्लेझवर बारीक ओरखडे पडतात, तारेचे कण अडकून गंजाचे ठिपकेही उमटतात. ओरखड्यात पाणी थांबतं, थांबलेलं पाणी वाळतं, आणि पुढचा थर निम्म्या वेळात येतो.

काम करूनही बिनसलं तर

आम्ल टाकून बुडबुडे आलेच नाहीत, तर वरचा साबण निघालेला नाही. पहिली फेरी पुन्हा करा. ओलं असताना स्वच्छ आणि वाळल्यावर पांढरं दिसलं, तर आधी क्षारमुक्त पाण्याने पुसून पाहा. त्याने गेलं तर धुणं कमी पडलं होतं, नाही गेलं तर वर सांगितलेली सिलिका किंवा झीज. सांधे बोटाला पिठासारखे लागले, तर आम्ल जास्त वेळ राहिलं. ते सांधे दोन-तीन मिलिमीटर खरवडून नवा ग्राउट, म्हणजे सांध्यांत भरायचा मसाला, भरावा लागेल. तो भरताना एपॉक्सी ग्राउटच भरा. महाग पडतो, भरायला कारागीर हुशार लागतो, पण सायट्रिक ॲसिडला दाद देत नाही आणि पाणी पीत नाही. नव्याने भरलेल्या सिमेंट ग्राउटला किमान तीन-चार आठवडे आम्ल लावू नका.

जमिनीवरच्या अँटीस्किड टाइल्सचा प्रश्न वेगळा. त्यांच्या खडबडीतपणाच्या खळग्यांत थर बसतो आणि फडकं वरवरच फिरतं. तिथे लेप आणि ताठ ब्रश दोन्ही हवेत. पहिल्या फेरीत साबणाचा साका भिजला की लादी कमालीची निसरडी होते. घरात म्हातारी माणसं असतील तर काम संपून लादी वाळेपर्यंत दार बंदच ठेवा.

शॉवरच्या जाळीला आणि तोट्यांना सायट्रिक ॲसिडच्या द्रावणात भिजवलेलं फडकं १५ मिनिटं गुंडाळा, टूथब्रश मारा, धुवा. रात्रभर पिशवी बांधून ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने क्रोमचा मुलामा खराब होतो, विशेषतः तो आधीच कुठे उडाला असेल तर.

परत येऊ नये म्हणून

थर पाण्यामुळे येतो असं म्हणतात, पण खरं तर तो पाणी भिंतीवर वाळल्यामुळे येतो. समजा तीन चौरस मीटर भिंत एका आंघोळीत भिजली आणि तिच्यावर १५० मिलिलिटर पाणी थांबलं. चार माणसांच्या आंघोळी म्हणजे ६०० मिलिलिटर. कठीणपणा ५०० असेल तर रोज ०.३ ग्रॅम, महिन्याला ९ ग्रॅम आणि वर्षाला शंभर ग्रॅमच्या वर खडा त्या एका भिंतीवर. वायपरचे चार-पाच हात वरून खाली मारले की यातलं बहुतेक पाणी वाळण्याआधीच जाळीत जातं. अर्ध्या मिनिटाचं काम. वायपर शॉवरच्या हाताशीच टांगलेला असेल तरच ते रोज होतं, दाराबाहेर असेल तर होत नाही. त्यानंतर खिडकी किंवा एक्झॉस्ट पंखा अर्धा तास. तेवढं केलं तर ५० ग्रॅमचं सायट्रिक द्रावण महिन्या-दीड महिन्यातून एकदा, पाच मिनिटं, एवढंच पुरतं.

साबण बदलल्यानेही फरक पडतो, आणि तो अपेक्षेच्या उलट दिशेने. वेष्टनावर टीएफएम (एकूण स्निग्ध पदार्थांचं प्रमाण) ७६ टक्के किंवा जास्त असलेला साबण त्वचेसाठी चांगला समजला जातो, पण टीएफएम म्हणजेच खरा साबण, आणि खरा साबण म्हणजे कठीण पाण्यात जास्त साका. साबणविरहित सिंडेट वडी किंवा शॉवर जेल वापरलं तर हा मेणचट थर जवळजवळ थांबतो. चुना मात्र येतच राहतो.

पाण्याचा कठीणपणा मोजून घेणं फायद्याचं. टीडीएस मीटर तो दाखवत नाही, सगळे क्षार मिळून एक आकडा दाखवतो. थेंब टाकून रंग बदल पाहायचं हार्डनेस किट घरी वापरता येतं, नाहीतर भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा प्रयोगशाळेत नमुना देता येतो. नमुना मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा घ्या. ज्या सोसायटीत महापालिकेचं, बोअरचं आणि टँकरचं पाणी एकाच टाकीत पडतं, तिथे उन्हाळ्यात आकडा वेगळाच निघतो.

शॉवरला बसवायच्या छोट्या फिल्टरबद्दल स्पष्ट सांगायला हवं. कार्बन भरलेला फिल्टर कठीणपणा काढतच नाही. रेझीनचे, म्हणजे कॅल्शियम धरून ठेवणाऱ्या पदार्थाचे, मणी असलेला काढतो, पण एक लिटर रेझीन साधारण ५० ग्रॅम चुन्याएवढाच कठीणपणा धरतं. मुठीएवढ्या डबीत २०० मिलिलिटर रेझीन असेल तर १० ग्रॅम. म्हणजे ५०० कठीणपणाचं पाणी असेल तर २० लिटरमध्ये, एका बादलीत, ते संपलं. त्यानंतर मिठाच्या पाण्यात भिजवून परत तयार करावं लागतं. पाइपला बांधायच्या चुंबकाने कॅल्शियम पाण्यातून जात नाही. पाणीच मऊ करायचं असेल तर टाकीखालच्या मुख्य पाइपवर मिठाने पुनर्भरण होणारा सॉफ्टनर बसवावा लागतो. रोज ५०० लिटर वापर आणि कठीणपणा ५०० असेल तर २५० ग्रॅम चुना रोज धरायचा, म्हणजे २५ लिटर रेझीन पाच दिवस चालेल आणि मग मीठ. विकणाऱ्याला हाच हिशेब तुमच्या पाण्याच्या आकड्यावर करून मागा, आणि पुनर्भरणाचं खारट पाणी झाडांना न जाता थेट ड्रेनेजमध्ये जाईल अशी नळी आधीच काढून घ्या.